सातबारा नसलेल्या गटाबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
समाजमाध्यम तक्रार कक्ष, सांगली

विषय: येत्या रविवारी होणारी मारहाण थांबवणेबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ: माझे तीन अर्ज व त्यांवर आलेले आपले एकमेव, लाजिरवाणे पत्र.

महोदय,

हा अर्ज रागात लिहीत आहे. भाषेत कमीजास्त झाल्यास माफी मागणार नाही.

१. माझा मुलगा ऋषिराज (वय २३) मोबाईलवरील एका जहाल ग्रुपमध्ये आहे. कोणाला ठोकायचे, कोणाचे दुकान फोडायचे, हेच तिथे चालते. कळताच मी नवे सिम घेऊन, खोटे नाव सांगून आत शिरलो. ग्रुप हिरव्या ॲपवर होता तेव्हा पहिला अर्ज दिला. आपली चौकशी सुरू होईपर्यंत दोनशे जण निळ्या ॲपवर गेले. दुसरा अर्ज दिला, तर ते तिसऱ्यावर गेले, जिथे मेसेज वाचला की आपोआप पुसला जातो. आपल्या खिडकीवरील कर्मचारी म्हणाले, "आवं काका, तुमचा अर्ज निळ्याचा हाय. नव्याचा नवा द्या." महोदय, मी सैन्यात बावीस वर्षे वायरलेसवर काढली. शत्रूने फ्रिक्वेन्सी बदलली म्हणून आम्ही फाईल बंद करून जेवायला जात नव्हतो.

२. तिसऱ्या अर्जात "सदर गटाने स्थलांतर केले आहे" असे लिहिले. ग्रुपला शुद्ध मराठीत गट म्हणतात म्हणून लिहिले, एवढीच माझी चूक. तो अर्ज आपण साताऱ्याला धरणग्रस्तांच्या टेबलावर पाठवला! तिथले उत्तर आपल्यामार्फत आले: गट क्रमांक कळवावा, सातबारा जोडावा, मूळ गावचा दाखला द्यावा, पर्यायी जमीन हवी असल्यास तसे नमूद करावे. म्हणजे या गुंडांना आता सरकारने जमीन द्यायची? कागद कोणी वाचतं की नाही तिथं? डोकं फिरतं हो माणसाचं!

३. ग्रुपमध्ये रोज सकाळी हजेरी असते. सवयीने मी ठीक सहाला 'हजर' लिहितो. बाकीचे आठपर्यंत लोळत असतात. शिस्तीचा माणूस म्हणून त्यांनी मला ॲडमिन केले आहे. आता ते चौथ्या ॲपवर निघालेत, आणि कोण आला, कोण राहिला ही यादी मीच करतो. आपल्या कक्षाने सहा महिन्यांत मला साधी पोच दिली नाही. त्यांनी हुद्दा दिला.

४. सोमवारी ग्रुपवर विश्रामबागेतील निवृत्त प्राध्यापक शरच्चंद्र गानू यांच्या घराचा फोटो आला. त्यांचे एक भाषण या लोकांना खुपले आहे. रविवारी सकाळी सर फिरायला निघाले की गाठायचे, असे ठरले. सात जणांनी 'मी येतो' लिहिले. त्यातला तिसरा माझा ऋषिराज. रविवारी घरी आहेस का, असे मी त्याला विचारले. "न्हाई आबा, मॅच हाय," म्हणाला, माझ्या डोळ्यांत बघून. काल मी सरांना सावध करून आलो. त्यांनी चहा दिला आणि पोलिसांत कळवलंय ना, असे विचारले. काय सांगणार, कपाळ? ठाण्यात गेलो तर मोबाईलचे प्रकरण म्हणून परत आपल्याकडेच धाडले.

५. त्याच पत्रात आपण सुनावणीस गुरुवार, दि. २० दिला आहे. मारहाण रविवारी, दि. १६ ला आहे. मला जमीन नको, सुनावणी नको. शनिवारी माझ्या मुलाला उचला. त्याच्या आईशी बोललो आहे. ती दिवसभर रडली, मग म्हणाली, "जेलात जाऊन भेटंन मी त्याला. पर त्या सरांच्या बायकोला काय तोंड दाखवू?" शनिवारी संध्याकाळी तो घरीच असतो. दार मी स्वतः उघडीन.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
नाथाजी बाळासो पुदाले
हवालदार, सिग्नल्स (निवृत्त)
कुंडल, ता. पलूस
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१) ग्रुपमधील २१४ जणांची यादी.
२) सोमवारच्या मेसेजचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो.
३) ऋषिराजचा फोटो, ओळख पटावी म्हणून. सैन्यभरतीच्या फॉर्मसाठी काढला होता. काम झाल्यावर परत मिळावा, त्याच्या आईकडे हा एकच आहे.