आईच्या रकान्यात "नो"

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.

देवाचं नाव मागाहून. आधी हे लिहून टाकते, नाहीतर चहा पचायचा नाही.

पोटच्या पोराने मला एक्सेलमध्ये "नो" लिहिलं. लाल रंगात.

आज इथं जपानात सुट्टी. कशाची, तर म्हाताऱ्यांना मान द्यायची. त्याच मुहूर्तावर देवदत्त लॅपटॉप टेबलावर उघडा टाकून आंघोळीला गेला. मी चौथी पास. पण "आई" आणि "नो" एवढं इंग्रजी फलटणच्या खानावळीतसुद्धा येतं. बाकीचं सुनेला, मितालीला, दरडावून वाचून घेतलं. ऑक्टोबरात तीन दिवस सुट्टी आहे, भाड्याने कॅम्पिंगची गाडी घेऊन जायचं, कुठं उतरायचं त्याचा तक्ता. एकीकडे सरकारी पार्क. तंबू ठोका, सगळ्यांच्यात एक नळ, वीज नाही, आपला कचरा आपण घरी न्यायचा. दुसरीकडे प्रायव्हेट. तिथं गाडीला विजेची वायर, पाण्याची नळी, सांडपाण्याचा पाइप, सगळं जोडून देतात. फुल हुकअप म्हणे. आयसीयूत पेशंट झोपवतात तशी गाडी झोपवायची.

खाली माणसांची नावं. वैभवी, म्हणजे नात, दोन्हीकडे "येस". आई, प्रायव्हेटला "येस". सरकारीला "नो".

श्री.

कारण मला माहीत आहे. जूनमध्ये फलटणला न्हाणीत मी जरा खाली बसले. हे लोक त्याला पडले म्हणतात. दूधवाला आला तेव्हा त्याच्या हाताला धरून उठले. तो दीड तासाने आला, हा त्याचा दोष. तेव्हापासून देवदत्त आणि त्याची बहीण कल्पना फोनवर माझी विल्हेवाट लावतायत. फलटणच्या दोन खोल्यांना कुलूप, आणि मी हडपसरला कल्पनाच्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर. सतरा ऑक्टोबरला माझं विमान. मुंबईत उतरल्यावर गाडी कुठं वळवायची, एवढंच ठरायचंय.

संध्याकाळ.

पैज लागली. जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, मला "नो" का? देवदत्तने घास ताटात ठेवला. म्हणाला, आई, तिथं जमिनीवर झोपावं लागतं गं. मी म्हटलं, तू जन्मलास तेव्हा काय गादीवर झोपले होते मी? मिताली म्हणाली, आई, तुमचे गुडघे... मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना काय सांगायचं ते मला सांगतील, तू वकीलपत्र घेऊ नकोस. वैभवी जपानीत काहीतरी बोलून हसली. अर्थ कोणी सांगेना.

ठरलं ते असं. पहिली रात्र सरकारी पार्क. मी तंबूत, एकटी, मदत नाही. बाकीचे गाडीत. जमलं तर सतराला थेट फलटण आणि हडपसरचं नाव पुन्हा नाही. नाही जमलं तर अकरावा मजला. देवदत्त म्हणाला, मी तंबूच्या दाराशी झोपतो. मी म्हटलं, फलटणला दाराशी कोण झोपतं?  मग त्याने हळूच दुसऱ्या रात्रीचं प्रायव्हेट बुकिंग करून टाकलं. "असू दे, गाडीसाठी." गाडीसाठी! मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं.

२० सप्टेंबर, शनिवार.

सराव चालू. हॉलमध्ये योगा मॅट टाकून रोज जमिनीवर झोपायचं. पहिला दिवस उत्तम गेला. म्हणजे दहा मिनिटं उत्तम गेली. मॅटला रबराचा वास मारतो. सोफ्यावर आले. हा सोफा तसा बुटकाच आहे, जमिनीतच धरायचा.

२४ सप्टेंबर.

जमिनीवरून उठायचा सराव. आठ वेळा उठले. टेबलाला हात लागला, धरलं नव्हतं. मिताली म्हणाली, आई, टेबल खिडकीपर्यंत गेलंय. हलकं आहे. इथं सगळंच हलकं.

२८ सप्टेंबर, रविवार.

जपानने मला बिघडवायचा घाट घातलाय. संडासाची बैठक गरम! बसलं की उठवत नाही. वीस वर्षं चाळीस पोरांचे डबे केले, पहाटे चारला थंड फरशीवर बसून कणीक मळली, आणि आता ह्या वयात बूड शेकून घ्यायची सवय. आज बटण बंद केलं. निश्चय पक्का.

आंघोळही आजपासून थंड पाण्याने करायची होती. पण न्हाणीच्या भिंतीतली बाई बोलते. पाणी तयार आहे, असं गोड आवाजात सांगते. एवढं सांगितल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही.

२९ सप्टेंबर.

बटण चालू केलं. वैभवीला सर्दी व्हायची.

५ ऑक्टोबर, रविवार.

कल्पनाचा फोन. आई, तुझी खोली रंगवून घेतली. आई, बाथरूमला धरायला स्टीलचे दांडे लावले. मी म्हटलं, छान, आता एखादा भाडेकरू बघ, दांड्यांसकट दे. तर ती म्हणाली, आई, तुला माझ्याकडे राहायला एवढं जड का जातं? मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि ठेवून दिला. शेगडीवर दूध नव्हतं. इथं इंडक्शन, दूध वर आलं की आपोआप बंद होतं, तिने ओळखलं असणार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

सामान भरलं. मला काहीच लागत नाही, हे सगळ्यांना बजावून सांगितलं. फक्त कुकर, पोळपाट, लाटणं, तवा, दोन किलो कणीक, गोडा मसाला, बेसनाचे लाडू, दोन स्वेटर, उशी, दुसरी उशी, आणि गुडघे शेकायची पिशवी. पिशवी विजेवर चार्ज होते. देवदत्त म्हणाला, आई, सरकारी पार्कात प्लग कुठाय? मी म्हटलं, ती वैभवीच्या पोटासाठी. वैभवीचं पोट दुखत नाही. पण दुखू शकतं.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी चार. सरकारी पार्क.

निशी-कसाईच्या घरून निघून त्सुकुबाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. जागा झकास. झाडं, गवत, नळावर बायका भांडी घासतायत. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मिताली नाकाला रुमाल लावून संडास बघून आली. उकिडवं बसायचा आहे आणि थंड आहे. म्हणजे खरा आहे.

तीन दगड आणले, चूल मांडली, पेटवली. इथले राखणदार ओकादा-सान लगबगीने धावत आले. एक्याऐंशी वर्षांचे, काडीसारखे ताठ. चूल बघून तीनदा वाकले. मग लोखंडी पाय असलेली शेगडी आणून स्वतः जाळ तिच्यावर हलवला आणि खालचं गवत पाण्याने विझवलं. आमची पद्धत बघून भारावले असावेत. वैभवी म्हणाली, आजी, ते म्हणतात जमिनीवर आग करायची नाही, गवत मरतं. पोर इथं वाढलेली, तिचं मराठी कच्चं. भावार्थ कळत नाही तिला.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. आजूबाजूचे सगळे तंबूंबाहेर आले. डाळीचा वास पोचला असणार.

सहा वाजता.

तंबू तयार. मी आत बसून लिहितेय. बसताना काही त्रास नाही. देवदत्तने मोबाईल दिला, उशाशी ठेव म्हणाला. मी तो गाडीत ठेवून आले. मदत नाही म्हणजे नाही. म्हणाला, आई, हाक मारली तरी चालेल, मी चार पावलांवर आहे. मी म्हटलं, तू निवांत झोप.

हडपसरची खोली रंगवली ती वाया गेली. मला वाईट वाटतं. पण थोडंच.

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपार. प्रायव्हेट.

जे झालं ते स्वच्छ लिहिते, कारण उद्या त्याला फाटे फुटतील.

रात्र उत्तम गेली. पाचला जाग आली. उठायचं होतं. उठायची इच्छा पूर्ण होती. गुडघ्यांचा विचार वेगळा पडला. कुशीवर वळले. मग पालथी. मग चार पायांवर आले, वासरासारखी. तिथून पुढे रस्ता सापडेना. टेबल नव्हतं. तंबूची काठी होती. काठीला नुसता हात लावला.

इथल्या काठ्याही हलक्या. सगळा तंबू माझ्यावर आला.

आता कापडाखाली मी. बाहेर उजाडलं, कावळे ओरडायला लागले. मी ओरडले नाही. चार पावलांवर देवदत्तचं घोरणं ऐकू येत होतं. बापावर गेलाय. मी मनात म्हटलं, पडून राहिलं तर कोणाला कळतंय, सात वाजता म्हणू की वाऱ्याने पडला. वारा नव्हता, पण येऊ शकतो.

मग कापड वर झालं. ओकादा-सान. सकाळची फेरी मारताना त्यांना ढिगारा हलताना दिसला. मी पालथी, अंबाडा सुटलेला. म्हटलं, ओहायो. तेही म्हणाले, ओहायो गोझाइमास, आणि वाकले. एक्याऐंशीचा माणूस झटक्यात उकिडवा बसला, खांदा पुढे केला, मी त्याला धरून उभी राहिले. मग त्यांनीच तंबू पुन्हा ठोकला, आवाज न करता. मी डब्यातले चार लाडू काढून दिले, ओठांवर बोट ठेवलं, गाडीकडे डोळे केले. त्यांनी मान हलवली. दोन्ही हातांनी लाडू घेतले. फलटणला तर एवढ्यात तलाठीसुद्धा गप्प बसतो. मला वाटलं, मिटलं.

सात वाजता देवदत्त उठला तेव्हा मी खुर्चीत बसून केस विंचरत होते. म्हणाला, आई, कशी झाली झोप? मी म्हटलं, फलटणसारखी. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. हरला होता बिचारा. मिताली म्हणाली, आई, तुम्ही ग्रेट आहात. मी म्हटलं, त्यात काय.

दहाला निघालो. फाटकापाशी ओकादा-सान उभे. इस्त्रीचं जाकीट, टोपी काखेत. गाडी थांबवली, आणि देवदत्तसमोर कमरेपासून वाकले ते उठेचनात. मग हातात कागद दिला. रिपोर्ट! तीन प्रती, सही-शिक्क्याच्या. त्यांच्या राखणीत माणूस खाली पडून राहिला आणि त्यांना उशिरा दिसला, ह्याची माफी मागत होते. मी म्हटलं, काही नाही रे, बिलाचं असेल. पण वैभवीने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने मराठी केलं. "आजी सहा-दहाला सापडली. जखम नाही. तंबू मेला."

सापडली! हरवलेल्या छत्रीसारखी.

वर एक डबा दिला, तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा, छान कागदात बांधलेला. मिताली म्हणाली, आई, हे लाडवांबद्दल. इथं कोणी काही दिलं की उलट काहीतरी देतात. म्हणजे लाडूही फिटले आणि रिपोर्टही झाला. देवदत्तने विचारलं, कसले लाडू? मी खिडकीबाहेर बघितलं. भाताची कापणी झालेली होती.

संध्याकाळ.

गाडीला नळ्या जोडल्या. दिवा, हीटर, गरम शॉवर. बैठक गरम. पिशवी चार्ज करून दोन्ही गुडघ्यांना लावली. वैभवीचं पोट बरं आहे, मग वाया कशाला घालवायची. मला ह्यातलं काहीच आवडत नाही. आठला झोपते.

१३ ऑक्टोबर, सोमवार. निशी-कसाई.

सलग दहा तास झोपले. हवा बदलली की असं होतं.

परत येताना मी पाचपासून खाली होते हे वैभवीने माझ्याकडून काढून घेतलं, पण देवदत्त एकही अक्षर बोलला नाही. मी तयारीत होते. तो ओरडला असता तर मी काठीवर ढकललं असतं, काठीचा दर्जा, गवताचा उतार, सगळं पाठ करून ठेवलं होतं. पण ओरडेचना. घरी आल्यावर मिताली वैभवीला घेऊन खाली भाजी आणायला गेली, मुद्दाम. तो माझ्याशेजारी येऊन जमिनीवर बसला. म्हणाला, आई, उठता आलं नाही त्याचं काही नाही गं. माणसाला नाही येत. पण पाचपासून सहा-दहापर्यंत मी चार पावलांवर होतो. हाक का नाही मारलीस?

मी म्हटलं, तू घोरत होतास.

म्हणाला, आई.

मी म्हटलं, काठी हलकी होती.

म्हणाला, फलटणला तर मी चार पावलांवरही नाही. मग उठून गेला, सहज, टेबलाला हातसुद्धा न लावता. तेवढं मात्र मला झोंबलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

ठरवलं. हडपसर. फक्त थंडीपुरतं. माघ संपला की बघू. पाहुणी म्हणून जाणार, राहायला नाही. फलटणची किल्ली माझ्या कमरेला राहील, तिची दुसरी किल्ली कोणी करायची नाही. हे सगळं देवदत्तला सांगितलं. तो नुसता बरं म्हणाला. जिंकलेल्या माणसाने एवढं हळू बरं म्हणू नये. हरलेल्याला भांडायला काही उरत नाही.

पैज मी कबूल केली आहे. पण कबूल करणं वेगळं आणि ते तोंडाने कल्पनाला सांगणं वेगळं. ते पैजेत नव्हतं. सहाला तिचा फोन येईल, ती आधी रडेल, मग दांड्यांचं सांगेल. मी शेजारीच बसलेली असेन. मितालीने स्पीकर लावायचा नाही, वैभवीने मध्ये भाषांतर करायचं नाही. देवदत्त ऑफिसातून साडेपाचला निघालाच पाहिजे, फोन त्याने उचलायचा, आणि "आई येतेय का" असं तिने विचारलं की उत्तर त्याने द्यायचं.