आमदारबाई आमच्या पार्किंगमध्ये जिंकल्या

ठाकुर्ली (पूर्व),
रविवार, दुपारची जेवणं आटोपून

तीर्थस्वरूप चित्राताईस,

धाकट्या हरिहरचा वाकून नमस्कार (कमरेमुळे वाकणं हल्ली फक्त पत्रातच जमतं, ते गोड मानून घे). भाऊजींचं डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं हे कळून हायसं वाटलं. त्यांना आता घरातली जळमटं लख्ख दिसायला लागली आहेत आणि ते दिवसभर ती तुला दाखवत हिंडतात, असं शीला म्हणाली. थोडे दिवस त्यांचा काळा चष्मा काढू देऊ नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात? चिपळूणला पाणी आलं होतं ते ओसरलं का? शीला आणि मी, दोघंही मजेत आहोत. पत्रात लिहायची पद्धत म्हणून हे लिहीत नाही, खरोखरच मजेत आहोत. पेपरातला माझा फोटो बघून तू शीलाला फोन केलास आणि "हरी या वयात राजकारणात शिरला की काय?" असं विचारलंस म्हणे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सगळी हकिकत पत्रानेच कळवतो.

आमच्या भागाच्या आमदार आसावरी केणे. बाई इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. आधी शाळेत शिकवायच्या, मग निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना (त्यांच्या नवऱ्यालाही) चकित करून निवडून आल्या. पक्ष एवढासा की त्यांचे सगळे आमदार एका रिक्षात मावतील. विधानसभेत बहुतेक कामं आवाजी मतदानाने उरकतात. अध्यक्ष विचारतात, काही जण "होय" ओरडतात, काही जण "नाही" ओरडतात, आणि ज्यांचा गलका मोठा ते जिंकतात. कोण काय ओरडलं याची नोंद कुठे राहत नाही. बाईंना ते पसंत नाही. त्या प्रत्येक वेळी मतविभागणी मागतात, म्हणजे ज्याने त्याने उठून उभं राहायचं आणि डोकी मोजायची. आमदारांच्या भत्तेवाढीच्या विरोधात त्या एकट्या उभ्या राहिल्या. विधवांना शुभकार्यापासून लांब ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध उभ्या राहिल्या, जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींना संरक्षण द्या म्हणून उभ्या राहिल्या. दर वेळी हरल्या आणि दर वेळी हसत बाहेर आल्या. मी त्यांचा जुना भक्त. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी दर महिन्याला ‘आपल्या आमदारांचे मतदान’ या विषयावर बोलतो (श्रोते मोजकेच असतात, पण चहा चांगला असतो). इतकी पुरोगामी बाई आपल्या वाट्याला आली याचा मला फार अभिमान होता, कारण तोपर्यंत त्यांचं पुरोगामित्व आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नव्हतं.

मग त्यांनी घरकामाच्या बायकांचं विधेयक आणलं. आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी, एवढीच मागणी. विधानसभेत ते पडलं हे वेगळं सांगायला नको. मात्र या वेळी बाई गप्प बसल्या नाहीत. कायदा होत नसेल तर एकेका सोसायटीत जाऊन लोकांना पटवीन म्हणाल्या, आणि कल्याण-डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत सभा घेत सुटल्या. त्याचा परिणाम असा झाला की एका सोमवारी आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या कामवाल्या एकत्र चेअरमनकडे गेल्या आणि त्यांनी रविवारची सुट्टी मागितली. सगळ्यांत पुढे आमची कल्पिता. ही विठ्ठलवाडीहून येते. आमच्याकडे भांडी, लादी आणि पोळ्या तिच्याकडे असतात आणि शीलाला सल्ला देण्याचं कामही तीच करते.

आमचे चेअरमन महेंद्र इस्टेट एजंट आहेत. घराघरात फिरून त्यांनी धोक्याची घंटा वाजवली आणि शेवटी माझ्याकडे आले. "काका, त्या बाई तुमच्या ओळखीच्या ना? तुम्ही त्यांच्यावर भाषणं देता. सांगा ना त्यांना, आमची बिल्डिंग सोडून बाकी कुठेही क्रांती करा म्हणावं." बाईंची माझी ओळख नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून तेच वाटत होतं. सुट्टीला माझा तात्त्विक पाठिंबा होता, ती दुसऱ्या एखाद्या बिल्डिंगपासून सुरू व्हावी एवढंच माझं म्हणणं होतं.

बाईंची सभा टेंभी नाक्यावर आहे असं कळलं म्हणून मी ठाण्याला गेलो. तिथे बायकांची ही गर्दी. एक कार्यकर्ती माझ्याकडे आली, "काका, कुठून आलात?" म्हणाली. मी म्हटलं ठाकुर्लीहून. "घरी कामाला बाई आहे?" म्हटलं आहे. "आणि तरी आलात!" असं म्हणून तिने माझा हात धरला आणि पुढच्या क्षणी मी स्टेजवर होतो. सभेला पाठिंबा द्यायला आलेला एकही मालक त्यांना तोवर सापडला नव्हता. खांद्यावर शाल आली, हातात ‘आम्हालाही रविवार’ असा फलक आला, आणि समोर माईक. मी घाबरत म्हणालो, "बाई, मी एक विनंती करायला आलोय. आमच्या सोसायटीत येऊ..." यापुढचा ‘नका’ हा शब्द ताई, मी देवाशपथ उच्चारला. पण तोपर्यंत टाळ्या पडल्या, कोणीतरी ढोल बडवला, आणि बाईंनी माझ्यासमोरचा माईक घेतला. "येते! या रविवारीच येते!"

तू पाहिलास तो फोटो त्याच वेळचा. माझ्या चेहऱ्यावर पेपरवाल्यांना निर्धार दिसला, ती वास्तविक भीती होती.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. महेंद्रनी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. लिफ्टमध्ये लोक मला पाहून मोबाईलमध्ये डोकं घालू लागले. कट्ट्यावरचा चहा बंद झाला. त्याहून अवघड प्रसंग घरात आला. कल्पिता सकाळी आली ती झाडूला हात न लावता माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "काका, तुम्ही बोललात त्याचा व्हिडिओ आमच्या चाळीत सगळ्यांनी पाह्यला. माझ्या सान्वीने तर चार वेळा लावला." सान्वी म्हणजे तिची मुलगी, कबड्डी खेळते. मी विचारलं, रविवार मिळाला तर करणार काय? "तिच्या मॅचा रविवारीच असतात. कप घरी येतो तेव्हा मी तो घासूनपुसून ठेवते. पण पोरगी खेळते कशी ते अजून बघितलं नाय मी." एवढं बोलून ती लादी पुसायला गेली. मी पेपर उघडला, पण वाचता काही आलं नाही. शीला पलीकडे शेंगा सोलत होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. सदतीस वर्षांच्या संसारात हे बघणं मला नीट कळायला लागलं आहे.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. ठराव असा होता की कामवाल्या बायकांना साप्ताहिक सुट्टी द्यावी. बाई एकट्याच आल्या, रिक्षाने. महेंद्रनी तावातावाने भाषण केलं. आज सुट्टी मागतात, उद्या पेन्शन मागतील, परवा आपल्यालाच भांडी घासायला लावतील. पुरुषमंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई शांतपणे ऐकत होत्या, मग त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "दादा, कशाला इतके तापताव? मत घ्या ना." महेंद्रनी लगेच आवाजी मतदान घेतलं. ‘नाही’चा असा काही गजर झाला की वरच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं. महेंद्र ठराव नामंजूर असं म्हणणार, तेवढ्यात बाई उठल्या आणि सवयीने म्हणाल्या, "मतविभागणी."

हो म्हणणाऱ्यांनी गेटकडे उभं राहायचं, नाही म्हणणाऱ्यांनी पंपरूमकडे. ताई, माझी अवस्था तूच समज. गेटकडे जावं तर शेजाऱ्यांशी जन्माचं वैर, पंपरूमकडे जावं तर घरी कल्पिताला तोंड कसं दाखवायचं (आणि शीलाला तर कसं!). मी दोन्हीकडची मनं राखणारं एक छोटं भाषण पाठ करून आलो होतो. ते करायला खुर्चीवरून उठलो तोच शीला म्हणाली, "अहो, तुम्ही कुठे निघालात? बसा. फ्लॅट माझ्या नावावर आहे, मत माझं."

मग सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, नियम तसाच आहे, ज्याचं नाव पहिलं त्याचं मत. आणि मग एकेक करत उलगडा होत गेला. बायकोच्या नावाने घेतलं तर नोंदणीला सवलत मिळते म्हणून आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक हुशार पुरुषांनी फ्लॅट बायकांच्या नावावर घेतले होते. मघाशी ज्यांनी गजर केला त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मतच नव्हतं! ते पंपरूमपाशी पोचले होते, तिथून एकेक जण मान खाली घालून परत खुर्चीवर येऊन बसला. बायका उठल्या, पदर खोचले आणि गेटकडे गेल्या. महेंद्रची बायकोही गेली. जाताना त्यांना म्हणाली, "भांडी मी तुम्हाला शिकवीन."

ठराव मोठ्या फरकाने मंजूर झाला. मला, मत नसलेला तटस्थ माणूस म्हणून, डोकी मोजायचं काम दिलं होतं. आकडा जाहीर करताना माझा आवाज जरा कापला, तो आनंदाने. कारण कुठल्याही बाजूला उभं न राहता माझी सुटका झाली होती. आणि बाई? त्या खुर्चीवर मटकन बसल्या, आकडा मला पुन्हा सांगायला लावला आणि डोळे पुसत हसायला लागल्या. "इतकी वर्षं मतविभागणी मागतेय," म्हणाल्या, "जिंकले ती आज. तीही पार्किंगमध्ये!" महेंद्रनी स्वतः त्यांना चहा आणून दिला. माणूस वाईट नाही.

मागच्या रविवारी आम्ही दोघं कल्पिताबरोबर कल्याणला सान्वीची मॅच बघायला गेलो. कल्पिता आधी पदर तोंडाशी धरून बसली होती. पोरीने पहिली चढाई केली आणि दोघींना बाद करून परत आली, तेव्हा ही बाकावर उभी राहून अशी ओरडली की पंचांनी शिट्टी थांबवून बघितलं. सान्वी मैदानातून लाजून "आई, बस ना!" म्हणत होती. आई काही बसली नाही. मॅच त्या पोरी हरल्या, पण घरी येताना कल्पिता वाटभर त्या एका चढाईबद्दलच बोलत होती, आणि शीलाने आम्हा सगळ्यांना भजी खायला घातली.

तर असा मी राजकारणात शिरून सुखरूप बाहेर आलो. भाऊजींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
हरी

ता. क. एवढं लांबलचक पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. रविवारच्या घरकामाच्या वाटणीत दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. भरात येऊन मी शीलाला सांगून बसलो की आईची चिंचगुळाची आमटी मी लहानपणी तिच्या शेजारी बसून शिकलोय. तिच्या शेजारी तू बसायचीस, मी अंगणात असायचो. तरी कृती लगोलग कळव. चिंच आधी की गूळ आधी, आणि गोडा मसाला केव्हा, एवढंच लिही. फोनवर सांगू नकोस, शीला ऐकते.

ता. क. २. ताई, मी शीला. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. कृपा करून कृती पाठवू नका. आज चिंच सापडली नाही म्हणून त्यांनी आमटीत खजूर घातला, आणि अगदी आईच्या हातची झाली म्हणून स्वतःच दोनदा वाढून घेतली. मलाही आवडली. त्यांना बोलू नका.