परक्या गादीवर लागलेली झोप

मंगळवार, दिनांक १२ मार्च २०१९. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. स्टोव्हवर चहा ठेवला आहे. तो उतू जाईपर्यंत जेवढे लिहून होईल तेवढे लिहितो.

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि टेम्पोचा गिअर या तिघांच्या तब्येती कशा आहेत ते सविस्तर कळवावे. (टेम्पोची चौकशी मी उगाच करत नाही, पण ते पुढे येईलच.) माझी तब्येत उत्तम आहे. फक्त झोप लागत नाही, आणि जिथे लागू नये तिथे लागली, म्हणून हे पत्र.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मला गाद्यांच्या कारखान्यात तपासनीसाची नोकरी मिळाली, हे मी विसरलेलो नाही. तयार झालेल्या प्रत्येक गादीवर आधी उताणे, मग एका कुशीवर, मग दुसऱ्या, आणि शेवटी पालथे पडायचे. गाठ, खड्डा किंवा करकर सापडली तर गादी परत पाठवायची, नाही तर आपली चिठ्ठी लावायची. लोकांना वाटते, काय मजा आहे, दिवसभर लोळून पगार घेतो! पण मामा, पाच वर्षांत माझ्या पाठीला अशी सवय लागली आहे की घरी अंथरुणावर पडलो तरी ती आपली तपासतच बसते. डोळे मिटले की खड्डा सापडतो. उठून कापूस सारखा करतो, पुन्हा पडतो, तर खड्डा दुसरीकडे गेलेला असतो.

यातून सुटायचा एकच मार्ग होता, मुख्य तपासनीस होणे. मुख्य तपासनीस आडवे होत नाहीत. त्यांना खुर्ची, टेबल, पंखा आणि शिक्का असतो. आमचे मुख्य तपासनीस (कारखान्यात सगळे त्यांना ‘काका’ म्हणतात) गेल्या वर्षीच निवृत्त झाले. हार घातला, भाषणे झाली, मालकांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी काका चपला विसरल्या म्हणून परत आले, जरा टेकतो म्हणून खुर्चीत बसले, ते आजतागायत चपला नेतच आहेत. त्यांना ऊठ कोण म्हणणार? मालक म्हणाले, ‘‘थांब थोडा, खुर्ची तुझीच आहे.’’ तुम्हीही पत्रात तेच लिहिलेत. मी थांबलो. पण आई थांबली नाही. तिने गल्लीभर मी मुख्य झालो असे सांगून टाकले, आणि ‘आता साहेबाकडेच राहते’ म्हणून ट्रंक भरून बसली. माझ्या खोलीत एक पलंग मावतो, मामा. आई पलंगावर झोपली तर मी पलंगाखाली झोपणार. शेजारची खोली रिकामी आहे, पण दोन खोल्यांचे भाडे माझ्या पगारात बसत नाही आणि आईला ‘येऊ नकोस’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अशात पुलापलीकडच्या काचेच्या मोठ्या दुकानाने (तेही गाद्याच करतात, आणि आमच्या मालकांपुढे त्यांचे नाव काढायची सोय नाही) तपासनीस पाहिजे, पगार दीडपट, अशी जाहिरात दिली. गेल्या मंगळवारी मी दाढ दुखते असे सांगून गेलो. (खोटे बोलल्यामुळे दाढ बुधवारी खरोखरच दुखली, म्हणजे हिशेब पुरा झाला.) तिथला मालक माझ्याच वयाचा, टाय लावलेला. शिक्षण विचारलेच नाही, त्यामुळे नववीपर्यंत येऊन थांबावे लागले नाही. एका गादीकडे हात करून तो एवढेच म्हणाला, ‘‘पडा आणि सांगा.’’ मी उताणा पडलो. आता कुशीवर वळायचे, असे मनात म्हटलेले आठवते. त्यानंतरचे आठवत नाही.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते. कोणीतरी माझ्या अंगावर चादर घातली होती, आणि तो टायवाला स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवून गप्प करत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मुलाखतीत झोपलेल्या माणसाला कोण ठेवून घेईल? पण तो गहिवरून म्हणाला, ‘‘आमच्या गादीचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नाही हो!’’ आणि नियुक्तिपत्र हातात ठेवले. (हा शब्द त्या पत्रातूनच पाहून लिहिला आहे, त्यामुळे तो बरोबर असणार.)

आता काय करावे? इकडे खुर्ची, पण तिच्यात काका. तिकडे दीडपट पगार, पण पुन्हा आडवे. चार दिवस मी ना होय म्हटले ना नाही. शनिवारी आमच्या शिलाई खात्यातल्या मावशी धापा टाकत आल्या. ‘‘अरे, पुलापलीकडं काचेत तुझा फोटो लागलाय! तोंड उघडं टाकून झोपलायस मेल्या, आणि खाली लिहिलंय, अशी झोप फक्त इथेच!’’

मालकांनी बोलावले. वाटले, ओरडतील. ते ओरडले नाहीत, रडवेल्या सुरात म्हणाले, ‘‘पाच वर्षं आमच्या गाद्यांवर लोळलास, कधी डोळा लागला नाही. आणि तिकडे पहिल्याच दिवशी?’’

‘‘मालक, कामावर कसा झोपू?’’

‘‘मग आज झोप. आत्ता, माझ्यासमोर. झोपलास तर दोन खोल्यांचं भाडं भागेल एवढी वाढ देतो. नाहीतर जा तिकडेच.’’

कारखान्यातली सगळी यंत्रे थांबवली. नवी कोरी, काकांचा शिक्का पडलेली गादी आणली. मी उताणा पडलो. भोवती सगळा कारखाना चवड्यांवर उभा. मावशी दर मिनिटाला ‘‘गप्प बसा रे, झोपू द्या लेकराला’’ असे इतक्या मोठ्याने म्हणत होत्या की झोपलेला माणूसही उठावा. झोप कसली येते! शेवटी मनाचा हिय्या करून मी घोरायचे सोंग केले. एकदा घोरलो. दुसऱ्यांदा घोरलो. मालकांनी समाधानाचा सुस्कारा टाकलेला ऐकू आला. आणि तिसऱ्या घोरण्याच्या मधोमध माझ्या तोंडून निघून गेले, ‘‘डाव्या खांद्याखाली गाठ आहे.’’

मामा, ते मी बोललो नाही, पाठ बोलली.

सगळे संपले, असे मला वाटले. पण भडकले ते काका. त्यांचा शिक्का होता ना! वर्षभरात प्रथमच ते खुर्चीतून तावातावाने उठले. ‘‘सरक तिकडं. माझ्या शिक्क्याच्या गादीत गाठ? कुठंय, दाखव!’’ मला बाजूला ढकलून ते आडवे झाले. ‘‘इथं नाही. इथंही ना...’’ म्हणाले, आणि घोरायला लागले. हे घोरणे सोंगाचे नव्हते. मालक आनंदाने अक्षरशः नाचले, पण चवड्यांवर. आपली गादी झोपवते, एवढेच त्यांना पाहायचे होते, कोण झोपला याच्याशी देणेघेणे नव्हते. काका कारखाना बंद व्हायच्या वेळी उठले, जांभई दिली आणि म्हणाले, ‘‘एवढं सुख सोडून मी लाकडाच्या खुर्चीत कशाला बसत होतो रे?’’ गादी डोक्यावर घेतली आणि गेले. खुर्ची रिकामी झाली. मालकांनी मला कबूल केलेली वाढ देऊ केली. (पुलापलीकडच्यापेक्षा ती बरीच कमी आहे, पण दोन खोल्या आणि आई तिच्यात बसतात.)

तर मामा, थांबून मिळालेली खुर्ची घ्यावी की दीडपट पगार, हे तुम्ही वडीलधारे म्हणून शांतपणे विचार करून कळवावे. तुम्ही म्हणाल तसे करीन.

चहा उतू गेला. थांबतो.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. वरील सल्ल्याची घाई नाही. काल सकाळपासून मी खुर्चीत बसतो आहे, आणि पुलापलीकडे नम्र नकार कळवला आहे. आई गुरुवारी येते आहे. गल्लीत सांगितलेले खरे झाले, हे मात्र तिला सांगू नका. तिच्या मते ते आधीपासूनच खरे आहे.

आणखी एक ता. क. रात्री विचार केला. तिकडे मला झोप का लागली? ती गादी तपासणे अजून माझ्या अंगावर नव्हते म्हणून. आमच्या प्रत्येक गादीवर आता माझा शिक्का पडणार, म्हणजे तिच्यावर मी जन्मात झोपणार नाही. म्हणून खरी विनंती अशी, की तुम्ही टेम्पो घेऊन पुलापलीकडे जावे आणि तीच गादी तुमच्या नावावर घ्यावी. फोटो काचेत राहू देण्याच्या बदल्यात त्यांनी ती निम्म्यात कबूल केली आहे. सोबत आमच्या कारखान्याची खोळ पाठवतो, ती चढवूनच आणावी. आमच्या मालकांना कळले तर त्यांचा जीव तुटेल.

हिशेब: गादी निम्म्या किमतीत २,४००. मी आगाऊ भरले ५००. तुम्ही तूर्त भरावयाचे १,९००, ते माझ्याकडे येणे समजावे. काकांच्या दुसऱ्या निरोप समारंभाची वर्गणी ५० (या वेळी चपला आम्हीच आधी घरी पोहोचवल्या). उतू गेलेल्या चहातले दूध १२. टेम्पोचे डिझेल मामा म्हणून.