टिकलीखालचं नाव

वारजे, गुरुवार संध्याकाळ

राग काढायचा कोणावर? स्वतःवरच. आबांना कमी दिसतं, तरी जुन्या फोनवर पाचच्या बटणावरचा उंचवटा चाचपून ते रोज सहाला मला फोन लावायचे. तो फोन भंगारात काढला मीच. "आबा, हा नवा जास्त चांगला." कशात चांगला? सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण एवढं सांगता येईना. नुसती सपाट काच! शेवटी माझं नाव येतं तिथे आईने टिकली चिकटवली, तेव्हा कुठे आबांना जमायला लागलं.

रविवारी खडकीला माहेरी गेले आणि शहाणपणा करून तो फोन अपडेट केला. तेव्हापासून आबांचा फोन नाही. रुसले असतील म्हणून मीही मुद्दाम केला नाही. आज राहवेना, गेले. तर म्हणाले, "रोज लावतो की. तूच उचलत नाहीस."

फोन बघितला. टिकली जागेवरच होती. माझं नाव खालच्या ओळीत सरकलेलं, आणि टिकलीखाली कॅल्क्युलेटर. तीन दिवस आबा कॅल्क्युलेटर कानाला लावून बसत होते!

"अहो, मग आईला सांगायचं ना!"

"कशाला? म्हटलं, कामात असशील."