फुकटची शिकवणी नको

१२ ऑगस्ट २००५
सरकारने हॅमंड हायस्कूलला नापास ठरवलं. मी शिकलो ती शाळा! आमची जोनेल यंदा तिथेच नववीत जाणार. आठवीत गणितात जेमतेम तरली. यंदा गटांगळी खाल्ली तर वर्ष वाया. अशा शाळेतल्या पालकांना सरकारने दोन वाटा दिल्या: पोराला दुसऱ्या शाळेत घाला, बस फुकट. नाहीतर शाळा सुटल्यावर शिकवणी, तीही फुकट.

दुसरी शाळा कुठली, तर रिजमाँट. एक्याऐंशीच्या अमेरिकन फुटबॉल फायनलमध्ये आम्हाला त्रेचाळीस-शून्यने धुतलं ते रिजमाँट. माझी पोर त्यांची जांभळी जर्सी घालणार? प्राण गेला तरी नाही. अर्नेटा म्हणाली, त्या दिवशी तू बाकावरच बसून होतास ना. बायकोला खेळातलं काही कळत नाही.

८ सप्टेंबर
शाळेच्या जिममध्ये शिकवणीवाल्या कंपन्यांचा मेळावा. एकाने पिझ्झा दिला, एकाने पेन. पिझ्झा खाऊन सगळ्यांना ठणकावून सांगितलं, आम्हा टिब्स लोकांच्या घरात फुकटचं घेत नाहीत. गणित मीच शिकवणार. गाड्यांना सायलेन्सर बसवणाऱ्याला अपूर्णांक काय जड?

१२ सप्टेंबर, संध्याकाळी
पहिला धडा. टेबल पुसलं, पेन्सिलींना टोक काढलं, कोको केला. अपूर्णांकांची बेरीज: वरचे आकडे वर मिळवा, खालचे खाली. अर्धा अधिक अर्धा, दोन चतुर्थांश. जोनेल बराच वेळ वहीकडे बघत राहिली. भारावली असावी. अर्नेटा ओट्यापाशी म्हणाली, म्हणजे दोन अर्धे पिझ्झे आणले तरी तुला अर्धाच वाढायचा. तिला गणितातलंही कळत नाही.

३ ऑक्टोबर
सोमवार. टीव्हीवर फुटबॉल. धड्याला सुट्टी. पोरांना विश्रांती लागते.

जोनेल मंगळवारी-गुरुवारी उशिरा येते. चर्चच्या गायनवृंदाची तालीम असते म्हणे. छान. गाण्याने डोकं तल्लख होतं. घरात मात्र गुणगुणतही नाही. लाजाळू आहे, माझ्यावर गेली.

१ नोव्हेंबर
गणितात बी श्रेणी! गॅरेजमध्ये सगळ्यांना सांगितलं, गिऱ्हाइकांनाही. घराच्या तळघरात क्लास काढावा म्हणतो. फळ्याचा भाव विचारून आलो. फी मात्र घ्यायची. फुकट शिकवलं की लोकांना किंमत राहत नाही.

१८ डिसेंबर
चर्चमध्ये नाताळचं गायन. कुणाला न सांगता गेलो, फुलं घेऊन, पहिल्या रांगेत. सगळी गाणी संपली, जोनेल नाही. गाणं बसवणाऱ्या मिस ओगलट्री म्हणाल्या, ती आमच्यात कधी नव्हतीच. खाली तळघरात फुकटची शिकवणी असते ना, तिथे येते, फार मन लावून.

घरी विचारलं. मेळाव्याच्याच दिवशी अर्नेटाने नाव घातलं होतं, मी पिझ्झा खात होतो तेव्हा. शिकवणाऱ्या बाईंचे पहिले काही आठवडे माझे अपूर्णांक डोक्यातून काढण्यात गेले, असं जोनेल खाली मान घालून म्हणाली. मग माझ्यासमोर रोज कशाला बसायचीस? तर म्हणे, डॅडी, तू कोको छान करतोस. आणि तेवढाच वेळ टीव्ही बंद करून माझ्याशी बोलतोस.

टीव्हीचा रिमोट खणात टाकला. रागाने असेल.

१९ डिसेंबर
सोमवार. फुटबॉल लावला नाही. टेबल पुसलं, कोको केला. आज पेन्सिल माझ्या हातात, जोनेल समोर. अर्धा अधिक अर्धा, एक. तीनदा चुकलो, ती चिडली नाही. बाईंकडून शिकली असेल. माझ्याकडून नक्की नाही.

मग हळूच म्हणाली, पुढच्या वर्षी रिजमाँटला जाऊ? तिथे गणिताचा वरचा वर्ग आहे. अर्नेटाने अर्ज आधीच आणून ठेवला होता. सही केली.

पेन मेळाव्यातलं. चांगलं चालतं.