समोरचं आसन

११ सप्टेंबर २०२२, रविवार

पोचलो एकदाचा आखातात. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. क्षणभर वाटलं, डोळेच गेले. राजाभाऊ हसत म्हणाले, अवधूत, सप्टेंबर आहे म्हणून निभावलं, जुलैत आला असतास तर उभ्या उभ्या परतीचं तिकीट मागितलं असतंस. राजाभाऊ दुखानच्या तेलकंपनीत वीस-बावीस वर्षं आहेत आणि आमच्या संवाद परिवाराचं इथलं सगळं काम तेच बघतात. दर वाक्याला इन्शाल्ला आणि विषय संपला की खलास. माणूस झकास.

उद्या माझी पोरंबाळं ही वही वाचतील, म्हणून खुलासा. परिवारात डिग्री झाली की दोन वर्षं सेवेला जायचं, पाठवतील तिथे. पांढरा शर्ट, काळी पँट, घरी फक्त शुक्रवारी फोन. आणि सेवक कधीही एकटा नाही, कायम जोडीने. माझा जोडीदार सोलापूरचा गजेंद्र. त्याचा व्हिसा अडकलाय, इथल्या फुटबॉल वर्ल्ड कपमुळे सगळ्या कचेऱ्या तुंबल्यात म्हणे. तोवर मी एकटा. सकाळी एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्की, तो माझा व्हिसा. दुपारनंतर आपल्याच लोकांच्या घरी जाऊन मुलांना श्लोक, गोष्टी, मराठी शिकवायचं. बाहेर कुणापुढे धर्माचा ध काढायचा नाही, राजाभाऊंनी दोनदा बजावलं.

राहायला अल सद्दला. बिल्डिंगमधले भाडेकरू हलवून रंग काढलाय, नोव्हेंबरात मॅच बघायला येणाऱ्यांसाठी. मालक राजाभाऊंच्या ओळखीचा, म्हणून एक फ्लॅट आम्हाला. अख्ख्या इमारतीत मी आणि खाली वॉचमन नसरुद्दीन. प्रत्येक खोलीत प्लॅस्टिक न काढलेले नवे पलंग. कराडात आम्ही चौघं एका खोलीत झोपायचो. इथे लोळायला रान मोकळं.

१३ सप्टेंबर, मंगळवार

समोरच्या बिल्डिंगमध्ये अभिजित आणि आसावरीताई राहतात, पुण्याचे. आज त्यांच्याकडे पहिला वर्ग. चार मुलं आणि त्यांची सात वर्षांची ज्ञानदा. मी मराठीत विचारायचं, पोरांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. ज्ञानदाने गंभीरपणे विचारलं की देवाला मराठी येतं तर इंग्लिशही येत असेल ना, मग प्रॉब्लेम काय. पोरगी फार गोड आहे, पुढचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून शिट्टी वाजवते. आमची धाकटी नीलू लहानपणी अशीच होती.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

घरी फोन केला. आईने जेवणाची चौकशी केली, नीलूने अंगातलं वारं कमी झालं का म्हणून टोमणा मारला. फोन ठेवल्यावर घर फार आठवलं. एवढ्या रिकाम्या खोल्यांमधून येरझाऱ्या घालून पाय दुखले, तरी बसवेना.

संध्याकाळी दिवसबोल केला. ही आमची रीत. तिन्हीसांजेला जोडीदारांनी आसनं टाकून समोरासमोर बसायचं आणि दिवसभर मनात आलेलं सगळं खरं सांगायचं. ऐकणाऱ्याने मधे बोलायचं नाही. जोडीदार नसेल तरी चुकवायचं नाही, त्याचं आसन मांडायचं आणि आसनाला सांगायचं. म्हणून मी आपला सतरंजीच्या तुकड्यासमोर बसून बडबडतो. येडाच दिसत असेन. सांगितलं की आसावरीताई दर वेळी उपमा देतात आणि तो माझ्या घशाखाली उतरत नाही. बोलून बरं वाटलं, एवढं मात्र खरं.

२१ सप्टेंबर, बुधवार

आज आसावरीताईंनी पोहे केले, दोन डिशमध्ये. म्हणाल्या, तुला उपमा आवडत नाही हे तुझ्या जोडीदाराने सांगितलं म्हणून बरं, नाहीतर बापडा गिळत बसला असतास. मला उपम्याचं काही वावडं नाही, कोण कशाला असं सांगेल. गजेंद्रला फोन लावला. तो सोलापुरातच आहे आणि आसावरीताई कोण हेही त्याला ठाऊक नाही. दुसऱ्या डिशमधले पोहे मीच संपवले.

२६ सप्टेंबर, सोमवार

राजाभाऊंनी परवा दुखानला नेलं होतं. जाताना रस्ताभर स्टेडियमच्या गप्पा, मी पुढच्या सीटवर. परत सोडताना मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझ्या जोडीदाराकडून काहीतरी शीक, मागे किती शांत बसला होता, आणि तू म्हणजे अखंड टकळी. मी म्हटलं, मागे कोणी नव्हतं, गजेंद्र तर अजून सोलापुरात आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग जरा रागावलेच. म्हणाले, जोडीदाराचा असा अपमान करू नये.

नसरुद्दीनला विचारलं. त्याने हिंदीत सांगितलं, रोज दोघेच तर जाता-येता. दुसरे साहब सलामाला उत्तर देत नाहीत, एवढीच त्याची तक्रार.

मी घाबरलोय. लिहून टाकतो म्हणजे मोकळं होईल. मी घाबरलोय.

३० सप्टेंबर, शुक्रवार

ज्ञानदा मराठी बोलायला लागली. तुटक नाही. अस्खलित, थेट कराडचं. मी वर्गात शिरलो तर म्हणाली, आलास व्हय, बस जरा टेकून, वाऱ्यावानी पळतोयस. ही माझ्या आजीची बोली. आसावरीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पुण्याला व्हिडिओही पाठवला. मी विचारलं, कुणी शिकवलं. ज्ञानदा म्हणाली, दुसऱ्या दादाने. तो कसा दिसतो विचारलं तर तिला हसू आलं. तुझ्यासारखाच की, म्हणाली, फक्त तो पापणी हलवत नाही.

आजी ओट्यावर बसून असं म्हणायची, हे मी मंगळवारी आसनाला सांगितलं होतं. सांगितल्याचं आठवतं. पण आजीचा आवाज आठवायला गेलो तर काही नाही. चेहराही नाही. मागची पानं चाळली. सोळा तारखेला लिहिलंय, उपमा घशाखाली उतरत नाही. अक्षर माझंच. मला तसं कधी वाटल्याचं आठवत नाही.

म्हणजे मी सांगतो ते त्याचं होतं. आणि माझं उरत नाही.

३ ऑक्टोबर, सोमवार

आसन गुंडाळून माळ्यावर टाकलं. दिवसबोल बंद. नियम गेला खड्ड्यात. दोन दिवस झाले, कुणी जोडीदाराचं नाव काढलं नाही. आज नुसता डाळभात खाल्ला आणि गाढ झोपलो. सुटलो असं वाटतंय.

५ ऑक्टोबर, दसरा

सुटलो नाही.

आसावरीताईंकडे श्रीखंड-पुरीला बोलावलं होतं. ताई काळजीत होत्या. शाळेतून फोन आला होता, ज्ञानदा वर्गात गप्प बसते, टीचरचं नाव आठवत नाही, मैत्रिणीला ओळखत नाही. मी तिच्या खोलीत डोकावलो. तिने आईची योगा मॅट अंथरली होती आणि तिच्यासमोर मांडी घालून हळू आवाजात सांगत होती. आज डब्यात काय होतं. आज कोण रडलं. मॅटवर कोणी नव्हतं. पण मॅट मधोमध दबलेली होती.

मी तिला उचलून बाहेर आणलं. अंगात ताकद नसल्यासारखी खांद्यावर पडून राहिली. ताईंना सगळं सांगितलं, आसनापासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाल्या, जोडीदाराचा एवढा मत्सर बरा नव्हे, तो यायला लागल्यापासून निदान पोरीला मराठी तरी येतं.

माझ्याकडून मिळायचं थांबलं म्हणून ते तिच्याकडे गेलं. बोलावलं मी, आणि भोगतेय ती.

६ ऑक्टोबर

आसन पुन्हा मांडलं. तिन्हीसांजेची वाट पाहिली नाही, ऑफिसला दांडी मारून भर दुपारी बसलो. म्हटलं, इकडे ये. माझ्याकडे बावीस वर्षं आहेत, तिच्याकडे सातच. शाळा सांगितली, पहिली ते चौथी. घसा बसेपर्यंत बोलत राहिलो.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

गुण आला. आज ज्ञानदा इंग्लिशमध्ये भांडली माझ्याशी. दुसरा दादा आला नाही म्हणाली. टीचरचं नाव तिला नव्याने सांगावं लागलं, पण पाठ केलं तिने, आणि दातांच्या फटीतून शिट्टीही वाजवली. ताईंना ती शिट्टी आवडत नाही. मी मात्र तिथेच बसून रडलो.

राजाभाऊंचा फोन आला. त्यांना वाटतं माझ्या डोक्यावर ताण आलाय. घरी जा, तिकीट काढून देतो म्हणाले. पण हेही म्हणाले, तुझं इथलं रहिवासी कार्ड अजून झालेलं नाही आणि एक नोव्हेंबरपासून मॅचचं कार्ड असल्याशिवाय नव्याने कुणाला आत घेत नाहीत, गेलास तर वर्ल्ड कप संपेपर्यंत परत येणं नाही. मी नको म्हटलं. मी गेलो की त्याच्यासमोर तीच उरते.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज सांगतो. सकाळीही, दुपारीही. नदी सांगितली. कॉलेज सांगितलं. वडिलांची सायकल.

आज फोनवर एक मुलगी दादा दादा करत होती. चांगली होती बोलायला. कोण पाहिजे विचारलं तर म्हणाली, चेष्टा बास, मी नीलू. मग रडली. मला वाईट वाटलं तिच्यासाठी.

ज्ञानदा ठीक आहे. हे रोज लिहायचं. ज्ञानदा ठीक आहे. तिच्यासाठी हे चाललंय.

१९ ऑक्टोबर

खाली रस्त्यावर झेंडे लावताहेत. कसले कोण जाणे, विचारायचं राहिलं.

आता फार उरलं नाही. चाचपतो, हाताला काही लागत नाही. आईचं नाव काल दिलं. द्यायचं नव्हतं. पण ते थांबून राहतं, वाट बघतं, आणि मग खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघायला लागतं —

हो, आता मला दिसतं. माझंच तोंड. पण भरलेलं, तजेलदार. पापणी नाही हलत.

२१

मागची पानं वाचली. कुणीतरी गमत्या मुलगा आहे, उपम्याबद्दल लिहितो. हसू आलं. पुढे कुण्या पोरीसाठी फार जीव टाकतो. का टाकतो ते नीट कळलं नाही.

एकच गोष्ट शिल्लक आहे. ती देणार नाही. दात पडलेली — शिट्टी —

देणार नाही.

२२

बसलो होतो. ते नुसतं बघत राहिलं. कुणी इतकं लक्ष देऊन ऐकायला बसलं की माणूस बोलतोच —

बोललो.

हलकं वाटतंय.

(तारीख?)

दुपार. दार वाजलं. शाळेच्या कपड्यातली लहान मुलगी. घाबरलेली, धापा टाकत होती. म्हणाली, अवधूतदादा, तो पुन्हा आलाय, मला तुझ्याजवळ बसू दे. मी सांगितलं, या नावाचं इथे कोणी राहत नाही. तिने माझा हात धरला, सोडेना. तेवढ्यात आतून तिला कुणीतरी लाडाने हाक मारली. म्हणजे ओळखीचीच असणार. मी बाजूला झालो, वाट दिली.

फोन वाजतो. एक बाई. ज्ञानदा तिकडे आली आहे का म्हणते, स्कूलबसमधून उतरली पण घरी पोचली नाही. मी खरं ते सांगितलं. ज्ञानदा म्हणून कुणाला मी ओळखत नाही. बाई ओरडायला लागल्या. असं बोलू नये अनोळखी माणसाशी.

मुलगी आसनासमोर बसली आहे. सांगते आहे. मराठी छान बोलते.

मधेच मला वाटलं, हिलाच विचारावं. विचारलं, बाळ, तुझं नाव काय. ती थांबली. आठवायला लागली. अजून आठवते आहे —

जिन्यावर कुणीतरी धावत येतंय. दारावर थापा. बाईचा आवाज. मुलीने मान वळवली, पण आतलं ते म्हणालं, तिला आधी पूर्ण सांगू दे, मधे कुणी यायला नको. बरोबर आहे. ऐकताना मधे कुणी नको. म्हणून मी उठून दाराला आतून कडी —