खोपटातला सरसाचा वास

१४ एप्रिल १९३४
विसराळू उर्शे, काल कोंबड्यांना दोनदा दाणे टाकलेस आणि स्वतः जेवलीस की नाही ते सुनेला विचारलंस. म्हणून ही वही. अक्षर मला कधी आलं नाही. मी सांगणार, सून पोलोना लिहिणार, रविवारी तीच वाचून दाखवणार. तिच्याबद्दल जपून बोलावं लागेल.
निश्चय: यर्नेयच्या मधमाश्यांच्या बाराही पेट्या मीच सांभाळणार. चाळीस वर्षं नवऱ्याला माश्यांशी बोलताना ऐकलंय. आणखी काय शिकायचं असतं?

१५ एप्रिल
घरधनी गेला की प्रत्येक पेटीवर टकटक करून माश्यांना सांगायचं, नाहीतर त्याही मागोमाग जातात. फेब्रुवारीत ते काम मी अंगावर घेतलं. सांगितलं की, यर्नेय गावाला गेलाय, येईल. एवढ्या थंडीत वाईट बातमी कशाला? पोलोनाची पेन्सिल थांबली. म्हटलं, लिही.

३ मे
माश्यांच्या खोपटात सरसाचा वास! सुतारकामात लाकूड चिकटवायला यर्नेय चुलीवर उकळायचा, तोच. चौथ्या पेटीजवळ जास्त. तिच्या दर्शनी फळीवर त्याने चित्र रंगवलंय: सैतान एका बाईची जीभ धारेच्या चाकावर घासतोय. जीभ तुझी, म्हणायचा मला. फळी सैल झाली असेल, चिकटवायला आला असेल.
पोलोना म्हणाली, आई, गेलेली माणसं सरस उकळत नाहीत. म्हटलं, तू त्याला पुरती ओळखत नव्हतीस. रविवारीसुद्धा कामाला बसायचा.

११ मे
शेजारच्या ब्लाझच्या माश्या यंदा अशक्त. चौथीतल्या पोळ्याच्या दोन चौकटी त्याला दिल्या. यर्नेयचा हात लागलेल्या, म्हणजे बरकत. बिचारा टोपी काढून म्हणाला, उर्शामावशी, कसे फेडू उपकार? म्हटलं, तुझा कोंबडा आवर, फिटले.

२० मे
वास वाढलाय. काम जोरात दिसतंय. संध्याकाळी खोपटात बाकावर बसते. पाठीमागे कुणी श्वास घेतल्यासारखं वाटतं. वळत नाही. वळलं की लाजतो.
चौथीत माश्या कमी. पोलोना म्हणाली, आई, एकदा उघडून तरी बघा. उघडली. पोळ्यावरची झाकणं काळपट, खचलेली, भोकं पडलेली. म्हातारं पोळं, माझ्यासारखं. बंद केली.

२ जून
ब्लाझ दारात. टोपी डोक्यावरच. म्हणाला, मावशी, तुमच्या खोपटातला वास आता माझ्याकडे येतोय.
रात्रभर वाईट वाटत राहिलं. घरात एवढी कामं पडलीत आणि यर्नेय शेजाऱ्याकडे गेला?

४ जून
ब्लाझने मधमाश्यांचा तपासनीस आणला. त्याने चौथी उघडली, काडेपेटीतली काडी पोळ्याच्या एका बंद घरात खुपसली, हलकेच ओढली. तपकिरी तार निघाली. बोटभर लांब, तुटेना. अगदी सरसाची तार. म्हटलं, बघा! मी काय सांगत होते?
तो म्हणाला, आजी, ही अळी आहे. कुजलेली. जंतूंचा रोग, वासच असा असतो. पहिल्यांदा कधी आला वास?
मी म्हटलं, परवा-तेरवा. पोलोनाने वही आणली आणि वाचलं, तीन मे. मग अकरा मे. चौकटींचं सगळं वाचलं, कोंबड्यासकट.
ब्लाझ टोपी खाली ओढून आपल्या पेट्यांकडे निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर सुचलं असतं.

६ जून
खड्डा खणला. रोग लागलेल्या माझ्या सात पेट्या, ब्लाझच्या तीन. आधी गंधकाचा धूर, मग आग. चौथीची फळीही गेली. ती जीभ सगळ्यांत शेवटी जळली.
उरलेल्या पाचांवर टकटक केली. सात रिकाम्या जागांवरही. म्हटलं, यर्नेय गेला. दोन फेब्रुवारीला, सकाळी. मी खोटं बोलले. पाचांतून गुणगुण आली.
नंतर बाकावर बसले. कसलाच वास नाही. पाठीमागे कुणी नाही. आज वळून बघितलं.
पोलोना, पुरे लिहिणं. ब्लाझकडे अक्रोड भरून भाजलेली पोतित्सा पाठव, मोठी, सणाला करतो तशी. मध नको. साखर घाल.